व्हॉसव्ह्यूअर: शाश्वततेच्या अर्थशास्त्राचा नकाशा काढायला हे सॉफ्टवेअर कितपत कामाचं?

शाश्वततेचं आर्थिक मूल्यमापन हा विषय पीएचडीला घेतला, की पहिल्या दोन प्रकरणांत ‘या क्षेत्रातल्या संशोधनाचे कल’ दाखवावेच लागतात. हल्ली त्यासाठी ठरलेलं एक चित्र असतं: लाल, हिरवी, निळी वर्तुळं, काही मोठी, काही टिकलीएवढी, आणि त्यांना जोडणाऱ्या बारीक रेषांचं जाळं. हे चित्र बहुतेक वेळा व्हॉसव्ह्यूअर या, शोधनिबंधांच्या नोंदींवरून असे नकाशे काढणाऱ्या सॉफ्टवेअरमधून काढलेलं असतं. नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठाच्या सीडब्ल्यूटीएस या केंद्रात नेस यान व्हान एक आणि लुडो वॉल्टमन यांनी ते तयार केलं. त्यावरचा त्यांचा मूळ लेख २०१० साली ‘सायंटोमेट्रिक्स’मध्ये आला. सॉफ्टवेअर फुकट आहे, जावावर चालतं, विंडोज आणि मॅक दोन्हींवर चालतं.

आधी निकाल सांगतो. नकाशा काढण्याचं काम ते झकास करतं. पाच-सहा हजार निबंधांचा डेटा साध्या लॅपटॉपवर सहज पेलतं आणि प्रोग्रॅमिंगची एक ओळ लिहावी लागत नाही. पण शब्दांची साफसफाई, म्हणजे एकाच गोष्टीची वेगवेगळी रूपं एका नावाखाली आणणं आणि निरुपयोगी शब्द काढणं, ते पूर्णपणे तुमच्यावर सोडतं, आणि या विषयात तर खरं काम तिथेच आहे. ती न करता काढलेला नकाशा दिसायला सुरेख आणि आतून चुकीचा असतो. म्हणून पुढे बटणांपेक्षा या साफसफाईबद्दल जास्त लिहिलं आहे.

डेटा कुठून आणायचा, इथूनच अडचण सुरू होते. कॉलेजकडे स्कोपस (शोधनिबंधांच्या नोंदींचा सशुल्क डेटाबेस) असेल तर सीएसव्ही फाईल उतरवताना ‘ऑथर कीवर्ड्स’, ‘अ‍ॅबस्ट्रॅक्ट’ आणि ‘रेफरन्सेस’ या तिन्ही चौकोनांत खूण करा. संदर्भांची खूण राहिली तर को-सायटेशनचा, म्हणजे कोणते संदर्भ एकाच निबंधात सोबत दिले जातात याचा, नकाशा काढता येत नाही, आणि हे सहसा आठवड्याभराने, बाकी सगळं काम झाल्यावर लक्षात येतं. वेब ऑफ सायन्स या दुसऱ्या सशुल्क डेटाबेसमध्ये संदर्भांसकट पूर्ण नोंदी एका वेळी ५०० च मिळतात. २,६०० निबंध असतील तर सहा फाईली होतील. व्हॉसव्ह्यूअरमध्ये त्या सगळ्या एकदम निवडता येतात. मात्र स्कोपस आणि वेब ऑफ सायन्सच्या फाईली एकत्र करायची सोय यात नाही. तेवढ्यासाठी बिब्लिओमेट्रिक्स या दुसऱ्या सॉफ्टवेअरकडे जावं लागतं, त्याबद्दल पुढे.

दोन्हींपैकी काहीच परवडत नसेल, आणि आपल्याकडच्या बऱ्याच कॉलेजांची हीच स्थिती आहे, तर २०२२ पासून सुरू झालेलं ओपनअ‍ॅलेक्स फुकट उपलब्ध आहे. त्यातले कीवर्ड मात्र लेखकांनी दिलेले नसून यंत्राने लावलेले असतात. त्यामुळे संशोधक कोणते शब्द वापरतात हे त्यावरून सांगू नका. उद्धरणांचे नकाशे काढायला ते चांगलं आहे. डायमेन्शन्स या आणखी एका डेटाबेसमध्ये तर लेखकांचे कीवर्ड मिळतच नाहीत.

एक सक्त सूचना: उतरवलेली सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडून पुन्हा सेव्ह करू नका. एक्सेलच्या एका कप्प्यात ३२,७६७ अक्षरं मावतात. तीनशे-चारशे संदर्भ असलेल्या आढावा-निबंधाची संदर्भयादी त्याहून लांब जाते, आणि मग कप्प्यात न मावलेला मजकूर विस्कटतो किंवा कापला जातो. नेमके हेच निबंध को-सायटेशनला सर्वांत महत्त्वाचे असतात. बघायचंच असेल तर फाईलची प्रत करून ती उघडा.

आता शोधवाक्य, म्हणजे सर्च स्ट्रिंग. ‘सस्टेनेबिलिटी’ आणि ‘इकॉनॉमिक’ हे दोन शब्द ‘अँड’ने जोडून शोध घेतला की पंचाईत होते. अर्थशास्त्रात हा शब्द दुसऱ्याच अर्थाने फार वापरला जातो: सरकारी कर्जाची सस्टेनेबिलिटी, चालू खात्यावरील तुटीची सस्टेनेबिलिटी, पेन्शन योजनेची सस्टेनेबिलिटी. यांचा पर्यावरणाशी किंवा संयुक्त राष्ट्रांच्या ब्रुंटलंड आयोगाने १९८७ मध्ये केलेल्या शाश्वत विकासाच्या व्याख्येशी काही संबंध नाही. ‘लाइफ सायकल’चंही तसंच, माणूस आयुष्यभरात बचत आणि खर्च कसा करतो याचा अर्थशास्त्रातला जुना सिद्धांतही याच नावाचा आहे. संक्षेप तर फारच घातक. ‘एलसीसी’ म्हणजे आपल्या लेखी लाइफ सायकल कॉस्टिंग (वस्तूच्या पूर्ण आयुष्यातला खर्च मोजणं), पण विमान वाहतुकीच्या निबंधांत तो लो-कॉस्ट कॅरिअर असतो. ‘एलसीए’ म्हणजे आपल्या लेखी लाइफ सायकल असेसमेंट, पण तो डोळ्यांच्या एका आनुवंशिक आजाराचाही संक्षेप आहे. म्हणून संक्षेप एकटा शोधायचा नाही, पूर्ण नावच शोधायचं.

स्कोपसमध्ये ‘डब्ल्यू/३’ हा जोड फार उपयोगी आहे; दोन शब्द एकमेकांपासून तीन शब्दांच्या आत असले तरच निबंध सापडतो. ‘सस्टेनेबिलिटी’च्या जवळ ‘असेसमेंट’, ‘इव्हॅल्युएशन’ किंवा ‘अप्रेझल’ असा एक गट करा. पद्धतींच्या नावांचा दुसरा गट करा: कॉस्ट-बेनिफिट अ‍ॅनालिसिस, लाइफ सायकल कॉस्टिंग, नॅचरल कॅपिटल अकाउंटिंग, जेन्युइन सेव्हिंग्ज, इन्क्लुझिव्ह वेल्थ, मल्टिक्रायटेरिया. हे दोन गट ‘अँड’ने जोडा, आणि कर्ज, पेन्शन, चालू खातं हे ‘अँड नॉट’ने बाहेर काढा. मग पहिल्या शंभर निबंधांची शीर्षकं डोळ्यांखालून घाला. त्यांतली दहापेक्षा जास्त विषयाबाहेरची निघाली तर शोधवाक्य अजून कच्चं आहे, फाईल उतरवू नका.

व्हॉसव्ह्यूअर उघडून ‘क्रिएट’ दाबलं, ‘बिब्लिओग्राफिक डेटा’ निवडला, फाईल दिली, ‘को-ऑकरन्स’वर (शब्द एकत्र येण्याच्या नकाशावर) आलात, की ते तीन पर्याय विचारतं: सगळे कीवर्ड, लेखकांचे कीवर्ड, की इंडेक्स कीवर्ड. डोळे झाकून लेखकांचे निवडा. इंडेक्स कीवर्ड डेटाबेसवाल्यांनी लावलेले असतात. त्यात ‘आर्टिकल’, ‘ह्यूमन’, ‘प्रायॉरिटी जर्नल’ असे शब्द येतात आणि नकाशाच्या मधोमध ठाण मांडून बसतात. छापून आलेल्या निबंधांतही शाश्वततेच्या नकाशावर ‘ह्यूमन’चं भलंमोठं वर्तुळ दिसतं, ते यामुळेच.

पुढे किमान किती वेळा आलेला कीवर्ड घ्यायचा, हे विचारलं जातं. आधीच ५ भरलेलं असतं, आणि बहुतेक जण तसंच पुढे जातात. इथे थांबा. लाइफ सायकल कॉस्टिंग ही एकच पद्धत लेखक किती तऱ्हांनी लिहितात ते बघा: एकवचनी कॉस्ट, अनेकवचनी कॉस्ट्स, कॉस्टिंग, मध्ये जोडरेघ देऊन, ‘लाइफसायकल’ एकत्र लिहून, पुढे ‘अ‍ॅनालिसिस’ लावून, नुसतं ‘एलसीसी’, आणि ब्रिटिश लेखकांचं ‘होल लाइफ कॉस्टिंग’. ही आठ रूपं झाली. समजा प्रत्येक रूप ४ वेळा आलं आहे. ५ च्या चाळणीतून त्यातलं एकही उरत नाही आणि एकूण ३२ वेळा आलेली पद्धत नकाशावरून साफ गायब होते. तुम्ही मात्र प्रकरणात लिहून बसता, की या पद्धतीवर फारसं संशोधन झालेलं नाही!

यावर इलाज थिसॉरस फाईलचा, म्हणजे कोणत्या रूपाऐवजी कोणतं घ्यायचं याच्या यादीचा. पहिल्या फेरीत चाळणी मुद्दाम २ वर ठेवा. कीवर्डची यादी पडताळायला दाखवतात त्या पानावर माऊसचं उजवं बटण दाबून पूर्ण यादी मजकुराच्या फाईलमध्ये काढून घ्या आणि अकारविल्हे लावा. मग साध्या टेक्स्ट फाईलमध्ये दोन स्तंभ करा. पहिल्याचं शीर्षक ‘लेबल’, दुसऱ्याचं ‘रिप्लेस बाय’, दोन्ही इंग्रजीत आणि मधे टॅब. स्वल्पविराम किंवा स्पेस चालत नाही; फाईल स्वीकारली न जाण्याचं नेहमीचं कारण हेच. डावीकडे सापडलेलं रूप, उजवीकडे तुम्हाला हवं ते एक रूप. उजवा स्तंभ रिकामा सोडला तर तो शब्द नकाशातून वगळला जातो. ‘इंडिया’, ‘केस स्टडी’, ‘रिव्ह्यू’ असले शब्द असेच काढायचे. ज्या शब्दावर शोध घेतला तो ‘सस्टेनेबिलिटी’ही काढा. तो सगळ्यांनाच चिकटलेला असतो. ठेवला तर बाकी सगळी वर्तुळं त्याच्याभोवती गोळा होतात आणि त्यांचे आपसातले संबंध दिसत नाहीत. अडीच-तीन हजार निबंधांच्या डेटाला चारशे-पाचशे ओळींची थिसॉरस फाईल लागते. दोन-तीन दिवसांचं काम आहे, आणि ते विषय जाणणाऱ्यानेच करायला हवं, टायपिंग करून देणाऱ्याने नव्हे.

कारण काय जोडायचं यापेक्षा काय जोडायचं नाही, हे कळणं जास्त महत्त्वाचं आहे. ‘वीक’ आणि ‘स्ट्राँग’ सस्टेनेबिलिटी एकाच नावाखाली घातल्या तर या क्षेत्रातला पन्नास वर्षांचा मूळ वादच पुसला जातो. जंगल तोडून मिळालेला पैसा कारखान्यात गुंतवला तर भरपाई होते, असं पहिली बाजू मानते. अर्थतज्ज्ञ हार्टविक यांचा १९७७ चा नियम याच विचारातला. निसर्गाच्या काही भांडवलाला पर्यायच नसतो, असं अर्थतज्ज्ञ हर्मन डेली यांच्या वाटेने जाणारी दुसरी बाजू म्हणते. ‘सर्क्युलर इकॉनॉमी’, ‘ग्रीन इकॉनॉमी’ आणि ‘बायोइकॉनॉमी’ या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. कॉस्ट-बेनिफिट आणि कॉस्ट-इफेक्टिव्हनेसही वेगळे: पहिल्यात फायद्याचंही पैशांत मोल करायचं असतं, दुसऱ्यात उद्दिष्ट आधीच ठरलेलं असतं आणि ते कमीत कमी खर्चात कसं गाठायचं एवढंच बघायचं असतं.

मोजणीच्या पद्धतीत ‘फुल’ आणि ‘फ्रॅक्शनल’ असे दोन पर्याय आहेत. चार कीवर्ड दिलेल्या निबंधातून ६ जोड्या होतात, दहा दिलेल्यातून ४५. फुल काउंटिंगमध्ये दुसऱ्या निबंधाचं वजन पहिल्याच्या साडेसातपट होतं, तेही केवळ लेखकाने कीवर्ड सढळ हाताने दिले म्हणून. या विषयात अभियांत्रिकीचे, अर्थशास्त्राचे आणि धोरणाचे निबंध एकत्र येतात आणि प्रत्येक नियतकालिकाचा कीवर्डांचा रिवाज वेगळा असतो. म्हणून फ्रॅक्शनल घ्या.

नकाशावरचं अंतर कशावरून ठरतं, हे कळलं की तो वाचताना चुका होत नाहीत. एरवी वापरली जाते ती पद्धत ‘असोसिएशन स्ट्रेंग्थ’: दोन शब्द एकत्र किती वेळा आले, या संख्येला त्यांच्या स्वतंत्र संख्यांच्या गुणाकाराने भागायचं. समजा सर्क्युलर इकॉनॉमी २०० वेळा आली, लाइफ सायकल कॉस्टिंग ५० वेळा, आणि दोन्ही एकत्र २० वेळा. २० भागिले १०,००० म्हणजे ०.००२. दुसरीकडे सस्टेनेबल डेव्हलपमेंट ८०० वेळा आलं आणि कॉस्टिंगबरोबर ३२ वेळा. ३२ भागिले ४०,००० म्हणजे ०.०००८. एकत्र येण्याची संख्या जास्त असूनही दुसरी जोडी नकाशावर लांब पडेल, आणि तेच बरोबर आहे. नकाशाच्या डाव्या-उजव्या बाजूला किंवा वर-खाली असण्याला काहीच अर्थ नसतो. तो फिरवता येतो, उलटाही करता येतो. रंगांचे गट यंत्र पाडतं, नावं तुम्ही द्यायची. गट फार झाले तर ‘रिझोल्यूशन’ १ वरून ०.८ करा, सगळं दोनच गटांत कोंबलं गेलं तर १.२ करून बघा, आणि कोणता आकडा ठेवला ते लिहा.

आता कल. यासाठी ‘ओव्हरले’ हा नकाशा वापरतात. त्यात प्रत्येक शब्दाला त्याच्या निबंधांच्या सरासरी वर्षाचा रंग मिळतो, निळा जुना आणि पिवळा नवा. या सॉफ्टवेअरमधली सर्वांत जास्त चुकीची वाचली जाणारी गोष्ट हीच. एक शब्द २०१० मध्ये ४० निबंधांत आणि २०२२ मध्ये ६० निबंधांत आला, तर सरासरी २०१७.२. दुसरा शब्द फक्त २०१७ मध्येच १०० निबंधांत आला आणि मग विझला, सरासरी २०१७. नकाशावर दोघांचा रंग जवळजवळ सारखाच. एक शब्द पुन्हा उसळला आहे आणि दुसरा संपला आहे, हे त्या रंगातून कळत नाही. कॉस्ट-बेनिफिटसारखी जुनी पद्धत आजही भरपूर वापरात असली तरी निळी दिसते आणि विद्यार्थी तिला ‘कालबाह्य’ म्हणून मोकळे होतात. हे निखालस चूक आहे.

म्हणून डेटाचे काळाप्रमाणे तुकडे करा. या विषयाला तीन तुकडे चांगले बसतात: १९८७ ते २००७, २००८ ते २०१५ आणि २०१६ पासून पुढे. १९८७ का, हे वर आलंच. २००८ साली वॉल्टर क्लॉपफर यांनी पर्यावरणीय, आर्थिक आणि सामाजिक अशा तिन्ही जीवनचक्र-मूल्यमापनांची बेरीज म्हणून एकत्र चौकट मांडली. २०१५ ला शाश्वत विकास उद्दिष्टं आणि पॅरिस करार दोन्ही आले, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात युरोपीय संघाने सर्क्युलर इकॉनॉमीचा कृती आराखडा मांडला. तिन्ही काळांचे वेगळे नकाशे एकाच थिसॉरस फाईलने काढून शेजारी ठेवले, की सरकत गेलेला भर नीट दिसतो. पहिल्यात निसर्गाचं मोल, लोकांची पैसे मोजायची तयारी, डिस्काउंट रेट (भविष्यातल्या रकमेची आजची किंमत काढायचा दर). मधल्यात जीवनचक्राच्या पद्धती आणि निर्देशांक. तिसऱ्यात सर्क्युलर इकॉनॉमी, ईएसजी (पर्यावरण, समाज आणि कारभार या कसोट्यांवर कंपन्या जोखणं), शाश्वत विकास उद्दिष्टं. आपल्याकडे सेबीने २०२२-२३ पासून बाजारमूल्याने वरच्या १,००० सूचिबद्ध कंपन्यांना बीआरएसआर, म्हणजे व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांवरचा अहवाल सक्तीचा केला. भारतीय निबंधांत ईएसजीच्या शेजारी हा शब्द शोधायला विसरू नका.

नकाशाची एक मर्यादा मात्र कुठल्याच सेटिंगने जात नाही. शब्द शेजारी आले एवढंच त्याला कळतं. लेखक सहमत आहेत की भांडताहेत, हे कळत नाही. अर्थतज्ज्ञ निकोलस स्टर्न यांच्या हवामानबदलाच्या अर्थशास्त्रावरच्या २००६ च्या अहवालातला डिस्काउंट रेट सुमारे १.४ टक्के होता आणि दुसरे अर्थतज्ज्ञ विल्यम नॉर्डहाउस यांनी त्यावरच कडक टीका केली. हा फरक किरकोळ नाही. शंभर वर्षांनी होणारं एक कोटीचं नुकसान १.४ टक्क्यांनी आजच्या किमतीत सुमारे २५ लाखांचं ठरतं, ४ टक्के धरले तर जेमतेम २ लाखांचं. धरण, समुद्रभिंत, कार्बन कर, सगळ्यांचे निर्णय या एका आकड्यावर फिरतात. पण को-सायटेशनच्या नकाशात स्टर्न आणि नॉर्डहाउस अगदी खेटून एकाच रंगात बसतात, कारण जो एकाचा उल्लेख करतो तो दुसऱ्याचा करतोच. तेव्हा प्रत्येक गटातले सर्वाधिक उद्धृत पाच-सहा निबंध प्रत्यक्ष वाचायला पर्याय नाही.

अहवालांचंही असंच. या क्षेत्रातलं बरंच पायाभूत लिखाण नियतकालिकांत आलेलंच नाही. संयुक्त राष्ट्रांची पर्यावरणीय-आर्थिक लेखांकनाची चौकट, ब्रिटनच्या अर्थखात्यासाठी पार्थ दासगुप्ता यांनी २०२१ मध्ये दिलेला जैवविविधतेच्या अर्थशास्त्राचा अहवाल, भारताच्या हरित राष्ट्रीय लेख्यांवरचा त्यांच्याच अध्यक्षतेखालचा २०१३ चा अहवाल, आपल्या सांख्यिकी खात्याचे ‘एन्व्हिस्टॅट्स’चे खंड: कीवर्डच्या नकाशात यातलं काही येत नाही. संदर्भयाद्यांमधून ते को-सायटेशनमध्ये येतं, पण तुकड्या-तुकड्यांनी. ब्रुंटलंड आयोगाचा अहवाल कुणी आयोगाच्या नावाने देतं, कुणी ब्रुंटलंड यांच्या, कुणी संयुक्त राष्ट्रांच्या, आणि एका अहवालाची चार-पाच वर्तुळं होतात. इथेही थिसॉरस फाईल लागते, आणि हे काम कीवर्डपेक्षा किचकट आहे. मराठीतलं लिखाण यात जवळजवळ नसतंच. शिवाय शीर्षक आणि सारांशांतून शब्द वेचण्याची सोय फक्त इंग्रजीसाठी आहे, म्हणून मराठी सारांश देऊन उपयोग नाही.

पर्यायांपैकी बिब्लिओमेट्रिक्स हे मास्सिमो आरिया आणि कोर्राडो कुक्कुरुल्लो यांचं, आर या प्रोग्रॅमिंग भाषेतलं. त्याचा बिब्लिओशायनी हा चेहरा ब्राउझरमध्ये उघडतो, कोड लिहावा लागत नाही. दोन डेटाबेस एकत्र करून दुबार नोंदी काढणं आणि काळाचे तुकडे पाडून विषयांचा प्रवास दाखवणं, ही दोन्ही कामं ते व्हॉसव्ह्यूअरपेक्षा चांगली करतं. त्याच्या चार चौकोनांच्या विषय-नकाशात डावा-खालचा चौकोन ‘उगवते किंवा मावळते’ विषय असा असतो. यातलं नेमकं कोणतं, ते काळाच्या तुकड्यांवरूनच ठरवा. परीक्षक हमखास विचारतात. साफसफाईच्या खटाटोपात मात्र तेही तुमची सुटका करत नाही. साइटस्पेस हे असंच तिसरं सॉफ्टवेअर ताकदवान आहे, पण शिकायला वेळ लागतो. एका प्रकरणासाठी तेवढा खर्च करू नये.

पुण्या-मुंबईत, आणि आता ऑनलाइनही, पैसे घेऊन असे नकाशे काढून देणारे भेटतात. द्यायचेच असतील तर चित्राबरोबर मॅप आणि नेटवर्क या दोन फाईली, थिसॉरस फाईल आणि मूळ डेटा मागून घ्या. थिसॉरस फाईल नाही म्हणाले, तर साफसफाई झालेलीच नाही असं धरून चला.

छपाईसाठी चित्र पीएनजीऐवजी पीडीएफ किंवा एसव्हीजीमध्ये काढा, नाहीतर ए-४ कागदावर लहान अक्षरं फुटतात. रेषांची कमाल संख्या १,००० असते. ती ३०० वर आणली की जाळं वाचता येतं. आणि चित्राखाली एवढं लिहाच: डेटाबेस, शोधाची तारीख, पूर्ण शोधवाक्य, निबंधांची संख्या, मोजणीची पद्धत, चाळणीचा आकडा, त्यातून किती कीवर्ड उरले, रिझोल्यूशन आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती. थिसॉरस फाईल परिशिष्टात जोडा.